अडीचशेची गाडी आणि माणिकरावांचा डावा पाय

मोटारसायकल निवडायला आलेला माणूस पहिली दहा मिनिटं खोटं बोलतो. परभणीत स्टेशन रोडवर पत्र्याच्या दुकानात बसून मी तीस वर्षं हे ऐकलं. "आपल्याला काय मिस्त्री, घर ते ऑफिस," असं तोंडानं म्हणायचं आणि हात मात्र दुकानातल्या सगळ्यात मोठ्या गाडीच्या टाकीवरून फिरवायचा. मग हळूच विचारायचं, ही औरंगाबादपर्यंत दम काढील का. औरंगाबादला याचं कुणी नसतं. पण एखाद्या दिवशी आपण निघू, वारा लागेल, शर्ट फुगेल, एवढं एक चित्र प्रत्येकाच्या डोक्यात असतं, आणि गाडी त्या चित्रासाठी घ्यायची असते. बाकी तीनशे चौसष्ट दिवस भाजी आणायची असते.

मी आता दुकान बंद केलं आहे. गुडघ्यांनी आधी राजीनामा दिला, मग मी दिला. दिवाळी अंकाच्या संपादकांचा समज असा की माझ्याकडे सांगण्यासारखं ज्ञान आहे. माझ्याकडे ग्रीस होतं, तेही आता नखांतून गेलं. पण एक गोष्ट आहे, ती मी आजवर गिऱ्हाइकांना अर्धीच सांगत आलो. ती इथं पुरी सांगतो.

सत्तरीच्या सालांत आमच्या दुकानात गाड्या आकड्यानं ओळखल्या जात. पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे. हे सीसीचे आकडे, म्हणजे इंजिनच्या पोटाचं माप. पावणेदोनशे ही दूधवाल्याची गाडी. दोन कॅन, एक पेंडीचं पोतं आणि वर मेहुणा, सगळं ओढायची, फक्त घाई करायची नाही. साडेतीनशे ही फौजदाराची गाडी. आवाजावरूनच लोक बाजूला व्हायचे. मात्र ती चालू करणं हे एक कर्मकांड होतं: आधी करंटच्या मीटरचा काटा मधे आणायचा, मग एक लिव्हर दाबायची, मग देवाचं नाव घेऊन किक मारायची. देव कामात असला तर किक उलटी यायची आणि नडगी फुटायची. या दोघींच्या मधली अडीचशे. गावातल्या गल्लीत वळायची, रेल्वे फाटकावर अर्धा तास उभी राहून तापायची नाही, आणि हायवेला लागली की साठच्या वेगानं गुणगुणत जायची. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागे आणि मागं थोडा धूर सोडायची, पण धूर मागच्याला लागतो.

नवी गाडी मिळणं अवघड होतं. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. नंबर येईपर्यंत माणसाची बदली व्हायची, नाहीतर लग्न व्हायचं, आणि दोन्हीत गाडीचा विचार मागं पडायचा. म्हणून बहुतेक जण जुनी गाडी घेत, आणि जुनी गाडी पाहायला जाताना मिस्त्रीला सोबत नेत, जसं मुलगी पाहायला जाताना मामाला नेतात. माझा मान मामाचाच असे. पोहे येत, चहा येई. आमचे रहीम उस्ताद, ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो, ते हैदराबादेत तयार झालेले. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही की पोह्यांना हात लावण्याआधी इंजिनला हात लावायचा. इंजिन गरम असेल तर समजायचं, विकणाऱ्यानं आपण येण्याआधी पंधरा मिनिटं किका मारून मारून ती जागी केली आहे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकेला उठलं तरच पोहे खायचे. मग दोन्ही चाकांना एक दोरा लावून पाहायचा. दोरा चारही ठिकाणी टेकला नाही तर गाडी कधीतरी आपटलेली आहे, मालकानं आईची शपथ घेतली तरी. मग पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकायचं. मी डोळे मिटून ऐकायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती, पण गिऱ्हाइकाला बरं वाटायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. सरकीचे एक व्यापारी होते, हिरालालशेट. वजन एका पोत्याचं, तेही अर्धं भरलेल्या. त्यांना साडेतीनशेच पाहिजे होती, कारण समोरच्या दुकानदारानं अडीचशे घेतली होती. मी म्हणालो, शेटजी, तुमचे पाय जमिनीला पुरणार नाहीत. म्हणाले, आपल्याला चालवायची हाय, उभी कशाला करायची. त्यांनी गाडी घेतली आणि परभणीत जिथं जिथं उंच ओटा आहे तिथं तिथं थांबायला शिकले. ओट्याला पाय टेकवायचा आणि तिथूनच बोलायचं. त्यामुळे काही लोकांशी त्यांचे संबंध वाढले आणि ज्यांच्या घराला ओटा नव्हता त्यांच्याशी तुटले. गाडी स्टँडवर घ्यायला दोन हमाल लागत.

दुसरे वामनगुरुजी. लग्नसराईत दिवसाला तीन-तीन मुहूर्त गाठायचे, आज जिंतूर, उद्या मानवत. सायकलवरून मुहूर्त टळायला लागले तेव्हा माझ्याकडे आले. त्यांनी इंजिन विचारलं नाही, अॅव्हरेज विचारलं नाही. धोतर सावरून खाली बसले आणि प्रत्येक गाडीची चेन तेवढी बघितली. अडीचशेची चेन पुरती पत्र्याच्या डब्यात बंद असते, ती पाहून म्हणाले, ही द्या, हिच्यात धोतर सुरक्षित हाय. इतक्या मुद्देसूद कारणानं गाडी निवडलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. ते नंतर दर शनिवारी गाडीला लिंबू-मिरची बांधायचे आणि सर्व्हिसिंग मात्र चुकवायचे. मी म्हणायचो, गुरुजी, लिंबू ऑईलमध्ये पिळत नाहीत. हसायचे आणि तसेच जायचे.

आता माणिकराव. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माणिकराव शेतकी खात्यात असताना सरकारी साडेतीनशेवर सहा वर्षं खेडोपाडी हिंडलेले. मग कृषी विद्यापीठात टेबलाचं काम मिळालं, पंखा मिळाला आणि गाडी गेली. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरात शिक्षणाचा ध्यास, मोठा भाऊ वकील. त्यांच्या पत्नी शालिनीबाई पाथरीला शिक्षिका. तीन वर्षांची मुलगी आईजवळ पाथरीला आणि माणिकराव परभणीत एका खोलीत, हातानं भाकरी थापून खाणारे. बाईंचा परभणीला बदलीचा अर्ज तीन वर्षं पडून होता. म्हणून माणिकरावांना गाडी हवी होती: आठवडाभर ऑफिस, बाजार, स्टेशन, आणि शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटलं की पाथरी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एसटीनं गेलं तर गर्दीतून, बदलत-थांबत, पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असायची. ते मला म्हणाले होते, "मिस्त्री, पोरगी मला ओळखायची बंद व्हायलीय. मामा म्हणली परवा."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. म्हणून मला तो आवडला, आणि म्हणूनच मी त्याच्यावर जरा जास्त दादागिरी केली.

त्यांनी एक तक्ता करून आणला होता. विद्यापीठात ज्वारीच्या वाणांचा करतात तसा. तिन्ही गाड्या, वजन, अॅव्हरेज, सामान मिळणं, चढण, मागं बसणाऱ्याची सोय, आणि प्रत्येकाला गुण. बेरजेत दोन गुणांनी साडेतीनशे पहिली आली होती. मी तक्ता पाहिला आणि पोट धरून हसलो. म्हणालो, साहेब, हा तक्ता चुलीत घाला. गल्लीत तुमी साडेतीनशे वळवणार, फाटकावर ती तापणार, पेट्रोल किती महागलंय ते बघा, आणि मागं बाई, मधी लेकरू. तुमच्यासाठी अडीचशे. ते म्हणाले, पण मला साडेतीनशेची सवय हाय, तिला त्या सवयीचेच चार गुण दिलेत मी. मी म्हणालो, सवयीला कुठं गुण असतात.

एका बँकेतल्या साहेबाची अडीचशे विकायची होती. मी आणि माणिकराव गेलो. इंजिन थंड होतं, दुसऱ्या किकेला उठलं. दोरा चारही ठिकाणी टेकला. मी डोळे मिटून ऐकलं. गाडी इतकी चांगली होती की पोहे खाताना मला लाज वाटली नाही. माणिकराव अजून घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "तुमी म्हंताव तर घेतो."

इथं एक गोष्ट धंद्याबाहेरच्या माणसाला सांगितली पाहिजे. त्या काळात साडेतीनशेचा गिअर उजव्या पायाशी असायचा आणि ब्रेक डाव्या पायाशी. अडीचशेचं बरोबर उलटं, गिअर डावीकडं आणि ब्रेक उजवीकडं. आम्हा मिस्त्री लोकांना त्याचं काही वाटत नाही. आम्ही दिवसभर ही आण, ती सोड करतो, दोन्ही प्रकार पायात मुरलेले असतात. गाडीवर बसलं की पाय आपला आपण बदलतो. गिऱ्हाइकाच्या पायात एकच प्रकार असतो, हे आम्ही विसरतो. मीही विसरलो, आणि विसरलो असंही धड म्हणता येत नाही, कारण चौथ्या दिवशी माणिकराव दुकानी आले आणि म्हणाले, "गाडी लय झकास हाय मिस्त्री, पण पाय जरा घोळायलाय."

मी म्हणालो, "चार दिवसांत बसंल. पाय हाय तो, बायको न्हाई रुसून बसायला." दुकानात दोघं-चौघं बसले होते, सगळे हसले. माणिकरावही हसले आणि गेले.

गावात काही झालं नाही. गावात गाडी वीसच्या वेगानं चालते, विचार करायला वेळ असतो, डोकं पायाला सांगतं आणि पाय ऐकतो. पंधरा दिवस गेले, दोन शनिवार पाथरी झाली, मुलगी पुन्हा बाबा म्हणायला लागली. मग शालिनीबाईंना पत्र आलं. परभणीत एका शाळेत जागा रिकामी झाली होती. सोमवारी अकराच्या आत मूळ कागदांसह परभणीच्या ऑफिसात हजर व्हायचं, नाही आल्या तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. माणिकराव शनिवारी गेले आणि सोमवारी सकाळी आठला तिघं पाथरीहून निघाले. माणिकराव पुढं, मधे मुलगी, मागं शालिनीबाई, पिशवीत कागद.

मानवतच्या अलीकडं एका शेतातून सुटलेली बैलजोडी रस्त्यावर आली. साठच्या वेगाला डोकं पायाला काही सांगत नाही, पाय आपलं आपण करतो. माणिकरावांच्या पायानं सहा वर्षांत जे केलं होतं तेच केलं. डावा पाय जोर लावून खाली दाबला आणि दाबून धरला. त्या गाडीत गिअर दाबून धरला की क्लच आपोआप सुटतो. म्हणजे थांबायचं सोडून गाडी मोकळी सुटली. बैल वाचवायला त्यांनी हँडल वळवलं आणि गाडी रस्त्याकडच्या चरात उजव्या अंगावर पडली. शालिनीबाई मुलीला उराशी धरून पडल्या, मुलीला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, बाईंचं मनगट मोडलं. माणिकरावांचा उजवा पाय गाडीखाली सापडला, गुडघ्यापाशी हाड गेलं.

नवऱ्याला मानवतला दवाखान्यात टाकून, हात पदरानं गळ्यात बांधून, मुलगी आणि कागद घेऊन शालिनीबाई परभणीच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. यादीतले पुढचे मास्तर बाराला सही करून गेले होते. कारकुनाला वाईट वाटलं, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. जागा देणं त्याच्या हातात नव्हतं.

गाडी आणायला मी मानवतला गेलो. गाव जमलेलं होतं आणि प्रत्येकाचं म्हणणं, ब्रेक फेल झाला. मी गाडी उभी करून ब्रेक दाबून पाहिला. उत्तम लागत होता. मग गिअरची दांडी पाहिली. ती खाली वाकली होती. गाडी उजव्या अंगावर पडलेली, डावी बाजू आभाळाकडं. डावीकडची दांडी जमिनीवर आपटून वाकणं शक्यच नव्हतं. ती एका माणसाच्या पायानं वाकवली होती, त्यानं ब्रेक समजून जीव खाऊन दाबल्यामुळं. मी चरात उभा राहून त्या दांडीकडं बघत होतो आणि दुकानातलं ते हसणं माझ्या कानात वाजत होतं. ही दांडी वाचता येणारा तिथं मी एकटाच होतो. मी गाडी टेंपोत घातली आणि कुणाला काही बोललो नाही.

अकरा दिवस बोललो नाही. गाडी दुरुस्त केली, दांडी सरळ केली, रंगाचे टवके उडाले होते ते भरले. इतकं मन लावून काम मी क्वचित केलं असेल, आणि ते सगळं तोंड उघडायचं टाळण्यासाठी होतं. रहीम उस्तादांनी पाहिलं. ते बोलायला कंजूष माणूस. एवढंच म्हणाले, "लोहा तो सीधा कर लिया. अब जाके बोल दे."

मी मोसंब्या घेऊन गेलो. माणिकराव खाटेवर, पाय प्लास्टरात. शालिनीबाई रजा काढून आलेल्या, हात प्लास्टरात, डाव्या हातानं चहा करत होत्या. दोघांत बोलणं बंद होतं, ते घरात पाऊल टाकताच कळलं. माणिकराव माझ्याशी बोलण्याच्या निमित्तानं बाईंना ऐकवत होते की ब्रेक दाबला पण लागलाच न्हाई. बाई मुलीशी बोलण्याच्या निमित्तानं ऐकवत होत्या की घाबरल्यावर माणूस काय दाबणार. शेजारची एक म्हातारी मधेच डोकावून सांगून गेली की गाडी अपशकुनी हाय, फुकून टाका. बाईंना राग बैलांचा नव्हता, मोडलेल्या हाताचा नव्हता. तीन वर्षांनी आलेली जागा नवऱ्याच्या घाबरण्यानं गेली, हा राग होता. आणि माणिकरावांना मनातून तेच वाटायला लागलं होतं. त्यांचा चेहरा पाहून माझ्यानं राहवेना.

मी म्हणालो, "बाई, ब्रेक दाबला होता त्यांनी. डाव्या पायानं दाबला. सहा वर्षं त्यांचा ब्रेक डावीकडं होता. ह्या गाडीत तिथं गिअर हाय. दांडी वाकलेली मी बघितली. ते मला सांगायला आले होते की पाय घोळायलाय. चार दिवसांत बसंल म्हणून मी हसलो."

माणिकरावांनी भिंतीकडं तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता बाई मला हाकलून देतील, आणि दिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या शिक्षिका होत्या. त्यांनी आधी प्रश्न विचारला.

"चार दिवसांत बसते म्हणालात ती सवय खरी किती दिवसांत बसते?"

मी म्हणालो, महिना लागतो, आणि अचानक भीती वाटली तर वर्षानंही जुनीच वर येते.

"आणि ज्याच्या पायाला कोणतीच सवय न्हाई त्याला?"

"त्याला काय बाई, शिकवाल ती."

त्यांनी नवऱ्याच्या प्लास्टरकडं पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघा पुरता वाकणं अवघड आहे. मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "मग मला शिकवा. राग हाय मला तुमचा, तो राहणार. पण शिकवायचं तुमीच."

माणिकराव भिंतीकडचं तोंड वळवून म्हणाले, लोक काय म्हणतील. बाई म्हणाल्या, "लोक मला शनिवारी पाथरीहून आणून सोडणार हायेत का?"

त्या दिवसापासून मी निवडीची पद्धत बदलली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी उभ्या गाडीवर बसवायचो, इकडचं तिकडचं बोलत राहायचो, आणि मधेच दचकून ओरडायचो, "बैल आला." माणूस ज्या पायानं दाबेल त्या पायाची गाडी. लोकांनी मला वेडा ठरवला. हिरालालशेट तर गाडीवरून पडले, कारण आसपास ओटा नव्हता. पण माझ्या हातून पुन्हा चुकीच्या पायाची गाडी गेली नाही. सवयीला चार गुण देणारे माणिकराव बरोबर होते. मी दहा दिले असते.

मे महिन्याच्या सुट्टीत, हात बरा झाल्यावर, विद्यापीठाच्या शेतांतल्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. बाई लुगड्यासारखा काष्टा घालून आल्या. तोवर मी पन्नासेक माणसांना गाडी शिकवली असेल, प्रत्येकानं पहिल्यांदा विचारलं, सुरू कशी करायची. बाई म्हणाल्या, "थांबवायची कशी ते आधी दाखवा." दोन दिवस त्यांनी गाडी सुरूच केली नाही. मी ढकलायचो आणि त्या ब्रेक लावायच्या. मे महिन्याच्या परभणीत भर उन्हात अडीचशे ढकलणं ही शिक्षा होती, आणि त्यांनी ती मोजून दिली असं मला आजही वाटतं. दहा दिवसांत त्यांचा पाय असा बसला की मी दोन्ही बाजूंनी "बैल" ओरडून थकलो. लायसनच्या ऑफिसात साहेबांनी फॉर्म पाहिला आणि माझ्याकडं पाहून विचारलं, कुणाचं काढायचंय? बाई म्हणाल्या, माझं, आणि आठ आकडा काढून दाखवला, नवऱ्याच्या ऑफिसातल्या तिघांना जमला नव्हता तो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि दुसऱ्या शनिवारी त्या पाथरीहून गाडीनं एकट्या यायच्या ठरल्या. मुलगी त्या वेळी परभणीला होती, माणिकरावांचं बघायला येऊन राहिलेल्या आजीजवळ. पाथरी नाक्यावर चहाच्या हॉटेलाशी मी आणि माणिकराव दुपारी एकपासून उभे. त्यांच्या हातात काठी, पाय तसाच ताठ. प्रत्येक एसटीच्या आवाजाला ते दचकत होते. आमच्याभोवती हॉटेलातले पंधरा-वीस लोक जमले, कारण बातमी फुटली होती. कुणीतरी पैजही लावली असेल, मी चौकशी केली नाही. दोनच्या सुमाराला अडीचशेचा आवाज आला, मला तो लांबून ओळखू येतो. बाई आल्या, गाडी आमच्यापाशी उभी केली, इंजिन चालू ठेवलं. तोंडावर धूळ होती. कुणाकडं पाहिलं नाही.

आणि मग लक्षात आलं की आता माणिकरावांना मागं बसायचं आहे. परभणीत, भर दुपारी, वीस माणसांसमोर, बायकोच्या मागं. त्यातून पाय वाकत नाही, म्हणजे दोन्हीकडं पाय टाकून बसणं अशक्य. बसायचं तर एका बाजूला पाय सोडून, बायका बसतात तसंच. ते काठी टेकून उभेच राहिले.

शालिनीबाई मागं न बघता म्हणाल्या, "बसा. पोरगी वाट बघायलीय."

माणिकराव बसले. काठी मांडीवर आडवी, ताठ पाय रस्त्याकडं सोडलेला, एक हात बाईंच्या खांद्यावर. गाडी स्टेशन रोडनं निघाली. लोक हसले नाहीत असं मी सांगणार नाही. चांगले हसले. मीही हसलो, कारण दिसतच होतं तसं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हातातला चहा तसाच धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दुकानात आले. मुलगी टाकीवर बसलेली. मागं माणिकरावांचा पाय लटकत होता, त्याला टेकायला काहीतरी हवं होतं. एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी डावीकडं एक पायटेकू लावतात, लेडीज फूटरेस्ट म्हणतात त्याला. परभणीत तो मी किती बसवला त्याची गणती नाही. पुरुषासाठी कधीच नाही. मी खाली बसलो, माणिकरावांचा पाय हातात घेऊन माप घेतलं. तो जड होता आणि वाकत नव्हता. मी फूटरेस्ट चार बोटं खाली घेतला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला, आणि मान वर करायचं टाळत राहिलो, कारण माझे डोळे भरले होते. माणिकरावांना ते वरून दिसलं नाही. शालिनीबाईंना दिसलं.

त्या म्हणाल्या, "आवळा नीट, मिस्त्री. जिंतूरकडं चारठाण्याची देवळं बघायला निघालाव आमी. लांब जायचं हाय."